अथणीच्या पुढं गेलं की डोकं का धरतं? उन्हाळ्यातल्या लांब बाईक राईडचा नेहमीचा त्रास आणि उपाय

तक्रार दरवर्षी तीच असते. सकाळी बेळगावातून निघताना हवा छान असते. काकती, वंटमुरीचा घाट, संकेश्वर हे सगळं मजेत जातं. चिकोडीला चहा होतो. कृष्णा ओलांडून अथणी गाठेपर्यंत अकरा वाजलेले असतात, आणि तिथून पुढं विजापूरपर्यंतचे सत्तरेक किलोमीटर संपता संपत नाहीत. कानशिलं ठणकायला लागतात, ओठ चरचरतात, क्लचवरची बोटं जड होतात. विजापूर आलं तरी गोलघुमट बघायचं त्राण उरत नाही, कुठंतरी पंख्याखाली आडवं व्हावंसं वाटतं.

आणि बहुतेकांनी काळजी घेतलेली असते. पाण्याची बाटली असते, जाळीचं जॅकेट असतं, व्हायझर उघडा ठेवलेला असतो. तरीही त्रास होतोच. माझी आतेबहीण विजापुरात दिली आहे, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये या रस्त्यानं माझं जाणं ठरलेलं. सलग तीन उन्हाळे मी तिच्या दारात पोचलो की बूट न काढता कट्ट्यावरच बसायचो. ती न बोलता तांब्या आणून द्यायची. चौथ्या वर्षी मी पद्धत बदलली आणि तो त्रास थांबला. ती पद्धत इथं सविस्तर लिहितो, कारण त्यातला मुख्य भाग आपल्याला सुचतं त्याच्या बरोबर उलटा आहे.

आधी उष्णता कुठून येते ते ओळखा

गाडी उभी असताना, म्हणजे टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाला किंवा गोकाकच्या बाजारात अडकल्यावर भाजतं आणि पळायला लागलं की बरं वाटतं, असं असेल तर तो इंजिनाचा प्रश्न आहे. नडगी आणि मांडीची आतली बाजू तापते, डोकं ठीक असतं. उलट गाडी ऐंशीनं पळत असताना जास्त त्रास होतो आणि थांबून झाडाखाली उभं राहिल्यावर बरं वाटतं, तर तो हवेचा प्रश्न आहे. डोकं, छाती, डोळे यांना आधी कळतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. अनेकजण दुसरा त्रास असताना पहिल्यावर खर्च करत बसतात.

इंजिनाचं आधी थोडक्यात उरकतो. एअर-कूल्ड गाडी असेल तर सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये साचलेला चिखल आणि तेलकट धूळ मऊ ब्रशनं काढा. त्या पट्ट्या उघड्या असल्या तरच वारा त्यांना थंड करतो. लिक्विड-कूल्ड असेल तर रेडिएटरची जाळी बघा. आपला चिकोडी, रायबाग, अथणी हा सगळा उसाचा पट्टा. ट्रॅक्टर-ट्रॉलीमागनं दोन तास गेलं की पाचटाचे तुकडे आणि किडे जाळीत अडकून बसतात. हलक्या हातानं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा, जोरात मारलं तर रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात. कूलंटची पातळी गाडी गार असताना बाजूच्या टाकीवरच्या खुणांवरून बघायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते तोंडावर उडतं. गेट पडलं, सिग्नल लांबला, की इंजिन बंद. पायाला जीन्सपेक्षा जाड रायडिंग पँट बरी, कारण पंख्यानं फेकलेली गरम हवा जीन्समधून थेट आत लागते.

टायरची हवाही सकाळी टायर गार असतानाच तपासा. रस्त्यात तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका, तो वाढणं धरूनच कंपनीनं आकडा दिलेला असतो.

एवढं करूनही अथणीनंतर डोकं धरत असेल, तर खरा विषय पुढं आहे.

वारा गार करतो, हा समज कुठं चुकतो

चौथ्या वर्षी तिकोट्याच्या अलीकडं एका बेदाण्याच्या शेडजवळ मी सावलीसाठी थांबलो होतो. त्या भागात द्राक्षाच्या बागा भरपूर आणि बागांच्या कडेला बेदाण्याची लांबलचक शेडं. वर पत्रा, बाजूला हिरवी जाळी, आत एकावर एक जाळ्यांचे कप्पे आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं. मी वाकून बघितलं तर खालच्या कप्प्यातली द्राक्षं अजून फुगीर होती. वरच्या कप्प्यातली सुरकुतून हिरवट-पिवळी झाली होती, बोटांत धरली तर चिकटत होती. तिथल्या म्हाताऱ्या मामांना विचारलं, "एवढं ऊन आहे, मग सावलीत कशाला वाळवता?" ते म्हणाले, "उन्हात टाकलं तर माल काळा पडतोय बघा. वाळवतंय ते वारं. ऊन नव्हं."

मी त्या कट्ट्यावर बसून बराच वेळ त्याच वाक्याचा विचार करत होतो. जाळीचं जॅकेट घालून, छाती उघडी टाकून, चाळीस अंशांच्या वाऱ्यात ऐंशीच्या वेगानं मी जात होतो. त्या कप्प्यातल्या द्राक्षाचं जे होत होतं तेच माझं होत होतं.

हिशेब असा आहे. उन्हाळ्यात आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. म्हणून बेळगाव ते संकेश्वर जाळीचं जॅकेट उत्तम चालतं. हवा ३५ च्या वर गेली की तोच वारा अंगाला उष्णता द्यायला लागतो, आणि वेग जेवढा जास्त तेवढी जास्त देतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, घाटमाथ्याच्या कुशीत. इथं एप्रिलमध्ये पारा ३५-३६ च्या आसपास असतो. विजापूरकडं ४० गाठणं नवीन नाही. म्हणजे आपण सकाळी एका हवेत निघतो आणि दुपारी अगदी दुसऱ्या हवेत असतो, अंगावर मात्र तेच कपडे, तेच उघडे व्हेंट, म्हणजे जॅकेटवरच्या हवेच्या झडपा.

मग शरीराकडं एकच मार्ग उरतो, घाम. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतं. हे फार मोठं बळ आहे. पण जाळीच्या जॅकेटमधून येणारा कोरडा वारा घाम सुटल्या सुटल्या उडवून नेतो, तो कातडीवर पसरून नीट काम करायच्या आत. अंग कोरडंच राहतं, म्हणून आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. संध्याकाळी टी-शर्ट काढला की पाठीवर आणि हेल्मेटच्या काळ्या पट्ट्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. घाम भरपूर गेला होता, आपल्याला कळलं नव्हतं एवढंच.

उपाय: आत ओलं करा, बाहेरून बंद करा

आपल्या घरातला खानापूरचा माठ आठवा. तो सावलीत ठेवून वर ओलं फडकं गुंडाळलं की पाणी आणखी गार होतं. माठ भर उन्हात, भणभणत्या वाऱ्यात ठेवला तर फडकं पाच मिनिटांत कोरडं. राईडवर आपल्याला तो सावलीतला माठ व्हायचंय.

अथणीच्या अलीकडं, म्हणजे हवा तोंडावर गरम लागायला सुरुवात झाली की, मी थांबतो. आतला पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट अंगावरच पूर्ण भिजवतो, पाणी कमरेपर्यंत निथळेल इतका. सुतीच का? चकचकीत स्पोर्ट्स टी-शर्ट फार पाणी धरत नाही, पंधरा-वीस मिनिटांत वाळतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं. त्यावर जॅकेट घालून छातीवरचे मोठे व्हेंट बंद करतो. जाळीचं असेल तर आत पातळ विंड-लायनर, म्हणजे वारा अडवणारं अस्तर, किंवा वर रेनकोटचं जॅकेट घालता येतं. मनगटाशी चेन अर्धी उघडी, गळ्याशी दोन बोटं जागा आणि पाठीवरचा व्हेंट उघडा. हवा बाहीतून हळूहळू शिरते, ओल्या कापडावरून फिरते आणि पाठीकडून निघते. सुरुवातीला दोन मिनिटं कोंदट वाटतं. मग गाडी पळायला लागली की छातीवर गारवा पसरतो, आणि तो पाऊण ते एक तास टिकतो. अथणी ते विजापूर एवढ्यात होतं, मध्ये तेलसंगला एकदा पुन्हा भिजवलं की झालं.

गळ्याला ओला पंचा. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात, तिथला ओलावा फार सुख देतो. पण पंचाची दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचायची, चेन लावून घ्यायची, मग निघायचं. मोकळं टोक मागं उडून चाकात किंवा साखळीत गेलं तर काय होतं हे आपल्या भागात ओढणी आणि साडीच्या पदरांनी अनेक घरांना दाखवलं आहे. एवढी एक गोष्ट दोनदा तपासा.

हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी भिजवून. व्हायझर चाळीसच्या आसपास बंदच ठेवा. उघड्या व्हायझरमुळं डोळे कोरडे पडतात, आणि डोळ्यांची ती जळजळ अर्ध्या डोकेदुखीचं कारण असते हे मला फार उशिरा कळलं.

बर्फ थेट अंगावर ठेवू नका. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. साधं पाणी पुरतं.

आणि नुसत्या टी-शर्टवर जायचा मोह टाळा. पहिले दहा किलोमीटर स्वर्ग वाटतो, पण वर सांगितलेलं सुकणं दुप्पट वेगानं होतं, दंडाची सालं निघतात, आणि पडलो तर डांबर कातडी सोडत नाही. चपलांचंही तेच. अथणीच्या चपलांवर माझा फार जीव आहे, कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे याचा अभिमानही आहे. पण त्या पोचल्यावर घालायच्या. गाडीवर घोटा झाकणारा बूट आणि सुती मोजे.

पाणी कधी आणि किती

तहान लागल्यावर पिणं म्हणजे उशीर झाला. पाठीवर नळीची दोन लिटरची पिशवी असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, फार ऊन असेल तर लिटरभर. पिशवी नसेल तर दर पंचवीस-तीस किलोमीटरला थांबाच. लघवीचा रंग हा सगळ्यात सोपा मापक आहे. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी किंवा सकाळपासून लागलीच नसेल तर पुढं जाऊ नका, आधी प्या.

नुसतं पाणी पीत राहणंही बरोबर नाही, कारण घामाबरोबर मीठ गेलेलं असतं. दिवसात एक-दोन लिटर ओआरएस घ्या. पाकिटावर डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असावं, आणि एका पाकिटाला सांगितलेलं पाणी अचूक मापून. गोड रंगीत पेयं ओआरएस नव्हेत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे चहाचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं पेय मात्र जोंधळ्याची आंबील. ताक, मीठ, बारीक चिरलेला कांदा. आई आदल्या रात्री करून ठेवते, मी स्टीलच्या बाटलीत घेतो. पोटाला आधार, मीठ, पाणी तिन्ही एकात. अथणीच्या पुढं वाटेतल्या टपरीवर "मज्जिगे" म्हणून मागितलं की मिठाचं ताक मिळतं, कन्नड तेवढं आलं तरी काम भागतं. उसाचा रस प्या, पण लिंबू-मीठ घालून आणि एकच ग्लास. भरल्या पोटी, मटणाचं जेवण करून दुपारी दोनला निघणं मात्र नको.

हाच उपाय गोव्याच्या रस्त्यावर का चालत नाही

एका मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला गेला, टी-शर्ट भिजवून, जॅकेट बंद करून. खाली पोचेपर्यंत त्याचा जीव गुदमरला. चूक माझी, मी त्याला हवेचा फरक सांगितला नव्हता.

घाट उतरला की हवा दमट. पारा ३३ असला तरी हवेत ओलावा इतका की काहीच वाळत नाही, ना घाम ना टी-शर्ट. ओलं कापड बंद जॅकेटमध्ये म्हणजे भांड्यावर झाकण. गोव्यातला माठही त्यामुळं आपल्या माठाइतका गार होत नाही. तिथं उलट करायचं. हवा अजून ३५ च्या खाली आहे म्हणजे वारा आपला मित्र आहे. जाळीचं जॅकेट, सगळे व्हेंट उघडे, आत पातळ, लगेच वाळणारा टी-शर्ट, आणि कणकुंबीला कोरडा टी-शर्ट बदलून घ्यायचा. थांबणं कमी, कारण थांबलं की वारा थांबतो. आंबोली उतरून सावंतवाडीला जातानाही हेच.

कोणती पद्धत वापरायची हे वाटेत ठरवायला माझी एक खूण आहे. हातमोजा काढून हाताची पाठ ओली करायची आणि चालत्या गाडीवर वाऱ्यात धरायची. लगेच गार लागून झटकन वाळली तर हवा कोरडी, भिजवा आणि बंद करा. बराच वेळ ओलीच राहिली तर उघडा.

वेळ

कोरड्या पट्ट्यात जायचं तर पहाटे पाचला बेळगाव सोडा. आठच्या आत अथणी, साडेनऊला विजापूर. सकाळचे ते तास वाचवले तर वरचं अर्धं करावंही लागत नाही. जमलं नाही तर बारा ते चार गाडी चालवू नका. दिवसाचा सगळ्यात तापलेला वेळ बाराचा नसून तीनच्या सुमाराचा असतो, त्यामुळं जेवून दोनला निघणारे नेमके भट्टीत शिरतात. चिंचेच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत, देवळाच्या ओवरीत, जिथं जागा मिळेल तिथं आडवे व्हा. गाडीही सावलीत लावा, काळ्या सीटवर पंचा टाका.

परतीला चारनंतर निघालात तर बेळगावच्या जवळ वळीव गाठण्याची शक्यता धरा. ढग काळे झाले आणि धुळीचा लोट उठला की पक्क्या छताखाली थांबा. झाडाखाली नको, वीज आणि फांद्या दोन्हींची भीती असते. पहिल्या पावसात तेलकट धूळ वर येऊन रस्ता साबणासारखा होतो.

कधी थांबायचंच

डोकं जड, मळमळ, पोटरीत गोळे, आणि भर उन्हात अंगावर काटा. यातलं काहीही झालं की राईड त्या दिवसापुरती संपली. सावलीत झोपवा, पाय थोडे वर, जॅकेट-बूट काढा, ओआरएस घोट घोट. तासाभरात बरं वाटलं तरी पुन्हा गाडीवर बसायचं नाही. गाडी तिथंच कुणाच्या अंगणात लावा आणि बसनं या. आपल्या भागात लोक गाडी सांभाळायला नाही म्हणत नाहीत.

पण बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, वळण चुकूनही त्याला कळलं नाही, नीट उभं राहता येईना, तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं आणि इथं मिनिटं मोलाची आहेत. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओले पंचे ठेवा. शेतातली मोटर चालू असेल तर तिच्या पाण्याखाली धरा, डोकं आणि तोंड वर राहील असं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथं उपयोगी नाही. म्हणूनच एकट्यानं जाणार असाल तर घरी कुणाला तरी वेळापत्रक सांगून निघा. मी अथणी आणि तिकोटा या दोन ठिकाणांहून आतेबहिणीला फोन करतो. ठरल्या वेळी फोन आला नाही तर ती भावजींना गाडी काढायला लावते.

घरी आल्यावर

जॅकेट आणि हेल्मेटचं अस्तर त्याच दिवशी साध्या पाण्यातून काढा. घामातलं मीठ कापडात राहिलं की पुढच्या वेळी मानेला घासून पुरळ येतं, आणि जाळीची छिद्रंही धुळीनं भरतात. हेल्मेटचं अस्तर सौम्य शॅम्पूनं, पिळायचं नाही, दोन टॉवेलांत दाबून पाणी काढायचं. वाळवायचं ते सावलीत, वाऱ्यावर.